हळदीची गाणी

धसईच्या बाजारात मनोजचं मोबाइलचं दुकान होतं. रिचार्ज नावाला, खरा धंदा मोबाइलच्या मेमरी कार्डात गाणी भरून देण्याचा. त्याच्या बायकोने, सारिकाने, आदल्या वर्षी कल्याणच्या एका कंपनीसाठी हळदीची गाणी म्हटली होती. सीडीवर तिचा फोटोही आला. दुसऱ्या सीडीचं बोलणं चाललं होतं.

ऐन लग्नसराईत कंपनीचा फोन आला. पहिल्याच सीड्या दुकानांतून परत आल्यात, लोक गाणी कार्डातच भरून घेतात, दुसरी काढायची नाही.

सारिकाला घरात बसवेना. ती तडक दुकानात गेली. एक बाई कार्ड पुढे करून सांगत होती, "सारिकाची हळदीची सगळी भर रे." मनोजचं बायकोकडे लक्ष नव्हतं. त्याने भरून दिली.

बाई गेल्यावर सारिका म्हणाली, "माझी पन भरता?"

"मी नाय भरली तं समोरचा भरल."

"समोरचा माझा नवरा नाय."

मनोजने तिच्यादेखत तिची गाणी कॉम्प्युटरमधून काढून टाकली. पण तिचा जीव थाऱ्यावर येईना. बाकीच्यांची गाणी होतीच की. घरातलं तेलमीठ त्यांच्यावरच येत होतं.

मग ती कल्याणला जाऊन परत आलेल्या सीड्यांचं एक खोकं घेऊन आली, काउंटरवर मांडून बसली. लोक फोटो बघत, "अगो, तूच ना ही?" म्हणून हसत आणि कार्ड भरायला समोरच्या दुकानात जात. शेवटी वाडीवरच्या म्हाताऱ्या धाऊबाबांनी एक घेतली, नातीच्या लग्नासाठी.

"पन घरात सीडीचं मशीन नाय," ते म्हणाले. "हीच माझ्या कार्डात भर."

मनोजने सारिकाकडे पाहिलं.

"द्या भरून. घेतलीय त्यांनी."

"आनि त्यांच्याकडनं साऱ्या वाडीने घेतली तं?"



तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं. मनोजने त्याला एक गाणं वाजवून दाखवलं. कुणा बाईचा आवाज होता. वर चढताना किंचित चिरत होता, तरी ती सूर सोडत नव्हती.

"ही कोन?" सारिकाने विचारलं.

"नाव नाय लिवलेलं."

"कुठली?"

"मला काय म्हाईत?" मनोज वैतागला. "गिऱ्हाईक उभा हाय."

"थांबा जरा."

तिने गाणं संपेपर्यंत ऐकलं. मग मनोजने ते कार्डात भरलं. गिऱ्हाइकाने त्या गाण्याचे पैसे तिच्याच हातात दिले. तिने ते गल्ल्यात टाकले आणि ती उठून रस्त्यावर जाऊन उभी राहिली.