जिवंत हजर

सान मेलितोन गावात विंचवाला न भिणारे, भूकंपाला न भिणारे, सासूलाही न भिणारे लोक ढिगानं सापडतील. पण जन्ममृत्यूच्या कचेरीतल्या खिडकीला न भिणारा माणूस तिथं अजून जन्मला नाही. जन्मला असेल तर त्याची नोंद झालेली नाही.

एर्मेलिंदा या भित्र्यांत पहिल्या नंबरची. खिडकीपुढे गेली की तिची जीभ टाळूला चिकटे आणि स्वतःचं आडनाव आठवायला पिशवीतले कागद चाचपावे लागत. एप्रिलातल्या त्या मंगळवारी ती सकाळी सातला रांगेत लागली, तेव्हा तिच्या पुढे लग्नाच्या नोंदीसाठी एक तरुणी उभी होती. एर्मेलिंदाची पाळी येईतो त्या मुलीच्या पोराचं बारसं करायची वेळ आली, असं लोक सांगतात. लोक थोडं वाढवून सांगतात. पण रांग लांब होती.

काम तसं किरकोळ. कॅनडात अळंबी पिकवणाऱ्या एका मोठ्या शेडवर बायका हव्या होत्या आणि एर्मेलिंदाचं नाव यादीत लागलं होतं. नवरा एवेरार्दो वीटभट्टीवर पाठ मोडून घेऊन वर्षभर घरी बसलेला, दोन पोरं शिकणारी. या नोकरीवाचून घर चालणार नव्हतं. अट एकच: विमानात चढण्याच्या दिवशी वय पंचेचाळीसच्या आत हवं. एर्मेलिंदाला पंचेचाळीस पूर्ण होणार होती चौदा मेला आणि विमान होतं नऊ मेला. पाच दिवसांची फट. त्या फटीतून निसटलं तर निसटलं, नाहीतर जन्मभर सान मेलितोन. पासपोर्टसाठी जन्मदाखल्याची ताजी नक्कल लागत होती. आजवर तिचं सगळं आईच्या पत्र्याच्या डब्यातल्या जुन्या, हातानं लिहिलेल्या नकलेवर भागलं होतं.

खिडकीतल्या बाई चिंचेची तिखट गोळी चघळत होत्या. त्यांनी नाव टाइप केलं, पडद्याकडे पाहिलं, एर्मेलिंदाकडे पाहिलं, परत पडद्याकडे पाहिलं. गोळी एका गालातून दुसऱ्या गालात गेली.

"ही तुमची कोण?"

"मी. मीच ती."

"नाही हो काकू. ही वारली. एकोणऐंशीच्या ऑगस्टात. तीन महिन्यांची होती."

एर्मेलिंदाच्या कानात शिट्टी वाजायला लागली. "अहो, पण मी इथं उभी आहे."

"मला दिसताय. कॉम्प्युटरला दिसत नाही."

"मग मी काय करू?"

बाईंनी सवयीनं नियम सांगितला. "मयताच्या कामासाठी वारसांना पाठवा. पुढचा!"

बाहेर कडुनिंबासारख्या सावलीच्या एका झाडाखाली एर्मेलिंदानं आधी स्वतःची नाडी पाहिली. लागेना. मग कळलं, आपण अंगठ्यानं अंगठाच दाबतोय. नीट दाबली तेव्हा ती अशी उडत होती, की मेलेल्या बाईला शोभणारी नव्हे. तरीही भीती गेली नाही. कारण आता दुसरी भीती आली होती: मी मेले नसेन, तर चव्वेचाळीस वर्षं मेलेल्या पोरीचा कागद कोण वापरतंय?

समोरच्या कमानीखाली कासिआनो नावाचा लेखनिक टाइपरायटर मांडून बसला होता. अर्ज, प्रेमपत्रं, माफीपत्रं, सगळं तो त्या एकाच यंत्रावर बडवायचा. त्यात 'ए' अक्षर मोडलेलं असल्यानं त्यानं लिहिलेली प्रेमपत्रं वाचून निम्म्या मुलींनी भलत्याच माणसांशी लग्नं केली होती. त्यानं सगळं ऐकलं आणि चष्मा कपाळावर ढकलला.

"मतदान केलंस?"

"दर वेळी."

"मेलेल्याचं मत. लग्न?"

"एवेरार्दोशी. तुमच्यासमोरच तर झालं."

"तो बिचारा लग्नाच्या आधीपासूनच विधुर. आणि पोरं?"

"दोन आहेत."

"दोन्ही मयतेच्या पोटी. शाळेत गेली नाहीस, न्हाव्याकडे गेली नाहीस, कुठंच गेली नाहीस. बाई, तू जे जे केलंस ते सगळं एका तान्ह्या पोरीनं केलंय." तो हसला, मग तिचा चेहरा पाहून हसू गिळलं. आवाज खाली आणला. "माझ्या भाच्याचा छापखाना आहे. असा दाखला काढेल, की खुद्द देवदूत फसेल. मृत्यूची नोंद गायब."

एर्मेलिंदाचा हात पिशवीकडे गेलाही होता. नऊ मे डोळ्यांपुढे नाचत होता. पण त्याच्या मागं तिला दुसरी खिडकी दिसली, राजधानीतली, व्हिसाची, जाड काचेची. तिथं दहाही बोटांचे ठसे घेतात म्हणे. तिनं आपल्या बोटांकडे पाहिलं. ती इतकी थरथरत होती, की न विचारताच सगळं सांगून टाकतील.

"नको," ती म्हणाली. "मला खोटं नीट जमत नाही. घाम येतो."

"मग कागदाला नको विचारू, आईला विचार," कासिआनो म्हणाला आणि यंत्रावर झाकण घातलं.

घरी एवेरार्दो दारात खुर्ची टाकून बसला होता. त्यानं ऐकून घेतलं आणि पाठ धरून हसत सुटला. "तरीच! तरीच तुझे पाय एवढे गार असतात!" बायको हसेना तेव्हा तो खुर्ची आत ओढून घेऊन गेला.

आई, जिला गाव आदरानं दोन्या तोमासा म्हणे, चुलीपाशी तोर्तिया, म्हणजे मक्याच्या भाकरी, भाजत होती. त्र्याहत्तर वर्षांची, मूठभर बाई, पण तिच्या तव्यावरची एकही तोर्तिया आजवर करपली नव्हती. गावातले लोक तिच्या भाजण्यावर घड्याळं लावत.

"आई, कचेरीत म्हणतात, एर्मेलिंदा मेली."

तव्यावरून धूर निघायला लागला. आई हलली नाही. तोर्तियाची एक बाजू काळी झाली, मग दुसरी, मग मधे भोक पडलं.

"मेली," आई म्हणाली. "तू नव्हे."

आणि मग तिनं सांगितलं. पहिली मुलगी झाली तेव्हा घर दूर डोंगरात होतं; तिच्या बापानं खेचरावर बसून दिवसभराची वाट तुडवली आणि नाव नोंदवून आणलं: एर्मेलिंदा. तीन महिन्यांनी पोरीला ताप आला आणि दोन दिवसांत ती गेली. पुरायला परवानगी लागते म्हणून बापानं मृत्यूही नोंदवला. तीन वर्षांनी दुसरी झाली.

"घरात कागद होता, मूल नव्हतं. मग मूल आलं. कागद होताच. परत एवढी वाट कोण तुडवणार? तेव्हा सगळेच असं करायचे, पोरी."

जन्माचं पुस्तक एका कपाटात, मृत्यूचं दुसऱ्या. चाळीसहून जास्त वर्षं ती दोघं एका खोलीत राहिली आणि एकमेकांशी बोलली नाहीत. मग कॉम्प्युटर आला आणि त्यानं दोघांची ओळख करून दिली.

एर्मेलिंदा मटकन स्टुलावर बसली. तिला एकेक आठवू लागलं. पहिलीत सगळी पोरं सहा वर्षांची आणि ही बाईंच्या मांडीवर अंगठा चोखत झोपलेली. सगळ्या वर्गाचे दात पडून नवे आले, तरी हिचे दुधाचे जागच्या जागी. आणि तो पंधराव्या वाढदिवसाचा थाट, जो तिथं मुलींचा लग्नासारखा करतात! गुलाबी झग्यात दोन उशा कोंबल्या होत्या आणि बापाशी नाचता यावं म्हणून तिला सोड्याच्या खोक्यावर उभं केलं होतं; बाप खोक्याभोवती फिरत होता. सगळं गाव तिला बुटकी म्हणायचं. ती बुटकी नव्हती. ती साडेअकरा वर्षांची होती.

"तुला येऊन सांगावं लागेल, आई. कचेरीत."

दोन्या तोमासाचा चेहरा राखेसारखा झाला. वळू अंगावर आला तर हातातल्या शालीनं हाकलणारी ती बाई तव्याची कड धरून उभी राहिली. "मला धरून नेतील. सरकारला फसवलं मी."

"मग राहू दे. मी जात नाही कॅनडाला."

आईनं तवा उतरवला. जळकी तोर्तिया कोंबड्यांना टाकली, त्यांनीही ती खाल्ली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई देवळात जायची शाल पांघरून दारात उभी होती. हातात गाठोडं.

"हे काय?"

"घोंगडी, साबण, आणि तीन दिवसांच्या तोर्तिया. तुरुंगात कसल्या देतात कुणास ठाऊक."

कचेरीतल्या नोंदणी अधिकाऱ्याला तिथं 'जज्जसाहेब' म्हणतात आणि नुसत्या त्या शब्दानंच निम्मी माणसं दारातूनच परत फिरतात. दोन्या तोमासानं आत पाऊल टाकलं, गाठोडं टेबलावर ठेवलं आणि दोन्ही मनगटं पुढं केली.

"मला न्या. पोरीला सोडा. तिला ठाऊक नव्हतं."

जज्जसाहेब तरणे होते, टायला चटणीचा डाग. त्यांनी मनगटांकडे पाहिलं, गाठोड्याकडे पाहिलं, वास घेतला. "आजी, या आठवड्यात असल्या तुम्ही चौथ्या. सगळ्यांना आत टाकायचं म्हटलं, तर तुरुंगाला सान मेलितोनचंच नाव द्यावं लागेल. बसा. पहिली नोंद तिच्या जागी राहील, पोरगी होती आणि गेली. ही नवी करू, उशिराची. दोन साक्षीदार आणा, मग बघू."

साक्षीदार म्हणून कासिआनो आला आणि एर्मेलिंदाच्या जन्मावेळची सुईण, जी इतकी म्हातारी होती की तिचा स्वतःचाच जन्म कुणी नोंदवला असेल याची खात्री नव्हती. जज्जसाहेबांनी कोरा फॉर्म घेतला आणि छापील ओळी तोंडपाठ म्हणायला लागले. त्या ओळी तान्ह्या मुलांसाठी छापलेल्या.

"अर्भक आणलं आहे का?"

दोन्या तोमासानं लेकीला कोपरापाशी धरून पुढं ढकललं. "हे काय."

"रडतंय का?"

रडतच होतं.

"अर्भक जिवंत हजर केलं की मृत?"

खोलीतला पंखा घरघरत होता. दोन्या तोमासानं गाठोडं घट्ट धरलं. हाच प्रश्न तिच्या नवऱ्याला याच कचेरीत दोनदा विचारला होता आणि दोन्ही वेळी तो एकटा आला होता. एर्मेलिंदा आईकडे पाहत होती. आई गप्प का? आईच्या तोंडून आता भलतंच निघालं तर? पेन फॉर्मवर टेकून थांबलं होतं आणि शाईचा ठिपका मोठा होत चालला होता.

"जिवंत," आई म्हणाली. इतक्या मोठ्यानं, की बाहेरची रांग गप्प झाली.

"नाव? वेगळं ठेवायचं तर आता ठेवता येईल."

एर्मेलिंदाला एकदम जाणवलं: आईनं आपल्याला नावानं कधी हाक मारलेली नाही. पोरी, ए पोरी, अगं पोरी. बस्स.

"एर्मेलिंदा," आई म्हणाली. तोंडात एखादी गरम गोष्ट धरावी तसं. "तीन महिने हाक मारली होती मी त्या नावानं. मग ते तोंडातून निघेचना. पण हिनंच तर ते सांभाळलं. हिच्याकडेच राहू दे."

जन्मतारीख? आई म्हणाली, मक्याची कणसं कोवळी होती. सुईण म्हणाली, सप्टेंबरचा दुसरा आठवडा, ब्याऐंशी साल. जज्जसाहेबांनी बोटांवर हिशेब केला आणि हसले. "अभिनंदन, बाई. तुमचं वय एकेचाळीस."

आता नऊ मेची फट राहिली नव्हती, चांगलं रुंद दार झालं होतं. अर्थात, वय गेलं तसं बाकी सगळंही गेलं. शाळेचा दाखला, मतदारकार्ड, लग्न, पोरांचे दाखले, सगळे दुरुस्त करायचे. त्या उन्हाळ्यात एर्मेलिंदा इतक्या खिडक्यांपुढे उभी राहिली, की झोपेतही कुशीवर वळताना "पुढचा!" असं ओरडायची. मेचं विमान गेलं. ऑगस्टच्या यादीत तिचं नाव घातलं गेलं. एवेरार्दोनं कचेरीच्या पायरीवर तिला दुसऱ्यांदा मागणी घातली. "विधुर आहे, सांभाळून घे," म्हणाला.

जुलैत ती राजधानीत व्हिसाच्या खिडकीपुढं उभी राहिली. जाड काच, मधे छोटी जाळी, पलीकडे सोनेरी भुवयांचा माणूस. फॉर्ममध्ये सख्ख्या भावंडांची नावं मागितली होती, हयात असोत वा मयत. कासिआनोनं बजावलं होतं: "तिथं काहीच लिहू नकोस. एकाच नावाच्या दोघी बघून गोरा संशय घेईल आणि तुला परत पाठवेल." आईनं मात्र फॉर्म ऐकून घेतला होता आणि एवढंच म्हटलं होतं, "लिही. तिला कुणी कधी मोजलंच नाही."

एर्मेलिंदानं लिहिलं होतं. आता त्या माणसाचं बोट नेमकं त्याच ओळीवर येऊन थांबलं.

"बाई, अर्जदाराचं नाव एर्मेलिंदा. बहिणीचंही एर्मेलिंदा. ही लिहिण्यातली चूक आहे का?"

जीभ टाळूला चिकटली. पिशवीत हात गेला. पिशवीत कागद होते, पण या वेळी त्यांत शोधण्यासारखं काही नव्हतं. पाठीवरून घामाचा ओघळ थेट चपलेपर्यंत गेला. 'हो, चूक' म्हटलं असतं, तर तो एक रेघ ओढून मोकळा झाला असता.

"नाही साहेब," ती म्हणाली. आवाज उंदराएवढा. "चूक नाही. आम्ही दोघी होतो. ती तीन महिने होती. मी अजून आहे."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग काहीतरी टाइप केलं. "उजव्या हाताची चार बोटं काचेवर ठेवा. थरथरू देऊ नका."

ती थरथरलीच. तीन वेळा ठसे घ्यावे लागले.

दोन आठवड्यांनी राजधानीला परत जाऊन तिनं पाकीट घेतलं, त्यात पासपोर्ट आणि पासपोर्टात व्हिसा. तिनं तिथूनच घरी फोन लावला. आधी एवेरार्दो ओरडला, मग पोरं, मग कुणीतरी आईच्या हातात फोन दिला. आईला फोनची सवय नव्हती. तिचा नुसता श्वास ऐकू येत होता, आणि मागं तव्याचा चर्र आवाज.

"मिळाला, आई."

"भीती वाटतेय?"

"खूप."

"वाटू दे. मेलेल्यांना वाटत नाही," आई म्हणाली. "आणि कॅनडाहून परत येशील तेव्हा इथंच माझ्यासमोर हजर हो. एर्मेलिंदा, ऐकतेस ना? जिवंत."