वरच्या गल्लीचं पाणी

सेनगावजवळच्या तांड्यावर पुनमचंद बावीस वर्षं नळाला पाणी सोडायचा. व्हॉल्व्हची लांब चावी खांद्यावर टाकून तो निघाला, की बाया हंडे मांडायच्या. मग नवी योजना आली. मोटर मोबाईलवरून चालू होऊ लागली आणि तो मोबाईल आला तांड्यावरच्या तरुण दिपककडे.

"काका, आता आराम करा," दिपक आदरानं म्हणाला.

काम सोडायच्या आदल्या दिवशी पुनमचंदनं वरच्या गल्लीचा व्हॉल्व्ह बंद केला आणि त्यावर माती लोटली. तो जुना व्हॉल्व्ह कुठल्याच नकाशात नव्हता. पाणी आलं नाही की आपल्याला बोलावतील, असं त्याला वाटलं.

कोणी बोलावलं नाही. दिपकनं मिस्त्री आणला, मोटर तपासली, टाकी तपासली. वरच्या गल्लीतल्या बाया शेतातल्या विहिरीवर जाऊ लागल्या. पुनमचंद दारात बसून पावलांची चाहूल घेत राहिला. आपण केलं ते कळेल, याची धास्ती होतीच. पण आपली कोणाला आठवणच झाली नाही तर? ही धास्ती त्याहून मोठी होती.

तिसऱ्या दिवशी बायको मिराबाई बाहेरून आली. "वरच्या गल्लीतल्या पुजाला बाळंत होऊन दहा दिस झाले. हंडा घेऊन विहिरीवर चालली होती. म्या हिसकून घेतला." मग तिनं त्याच्या ताटाकडं पाहिलं. "तुमी काहून जेवून न्हाई राहिले?"

त्यानं ताट बाजूला सारलं. तेवढ्यात बाहेर जेसीबीची घरघर ऐकू आली. पाइप तपासायला पंचायतीची माणसं सगळी गल्ली उकरणार होती. पुनमचंद तसाच अनवाणी धावला.

"थांबा. इथं वॉल हाय. मीच बंद केला."

"काहून?" सरपंच हिरासिंगनं विचारलं.

"वाटलं, तुमी मला बलवाल."

कोणी हसलं नाही. पुजाच्या सासूनं तोंड फिरवलं. दिपकनं गुडघ्यावर बसून माती काढली, व्हॉल्व्ह खोलला. थोड्या वेळानं वरचे नळ फुरफुरले.

"काका, असे अजून किती हायत?"

पुनमचंद त्याला घेऊन तांडाभर फिरला. दाखवलेला एकेक व्हॉल्व्ह दिपक मोबाईलवर टिपत गेला. चार झाले. दिपकनं मोबाईल खिशात टाकला. शाळेमागचा राहिला होता, आणि तो फक्त पुनमचंदला ठाऊक होता. घराकडं दोन पावलं टाकून तो थांबला.

"अजून एक हाय," शेवटी तो म्हणाला.

घरी मिराबाईनं ताट पुन्हा वाढलं. "उद्या हळद काढायला माणसं कमी हायत. येता का?"

"मला कुठं येते ते काम?"

"मला तरी पयल्या दिवशी कुठं येत होतं?"

दुसऱ्या दिवशी हळदीच्या सरीत तो सगळ्यांच्या मागं राहिला. बाया पुढं निघून गेल्या. मुकादमानं एकदा वळून त्याच्याकडं पाहिलं. उद्या आपल्याला बोलावतात की नाही, याच घोरात पुनमचंदनं दिवस काढला.