एकसारख्या साड्यांचा आहेर

पद्माक्कानं नातीच्या, श्रद्धाच्या लग्नात द्यायच्या सगळ्या साड्या एका रंगाच्या, एका काठाच्या घेतल्या, त्याला कारण तिची नणंद मालुबाई. थोरल्या लेकाच्या लग्नात अक्कानं प्रत्येकीचा मान बघून वेगवेगळी साडी दिली होती. मालुबाईनं आपली साडी शेजारणीच्या साडीला काठाला काठ लावून बघितली, आणि त्या दिवसापासून निपाणीच्या बाजारात भेटेल त्याला सांगत आली, "वैनीनं मला काय दिलं? बोटभर काठ." ती साडी विरली, फाटली, तिची पायपुसणी झाली. काठ काही रुंद झाला नाही.

म्हणून श्रद्धाच्या लग्नाला अक्का स्वतः कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या घाऊक दुकानात जाऊन बसली आणि मोरपंखी रंगाच्या साठ साड्या उचलल्या. दुकानदार म्हणाला, "मावशी, दोन-चार रंग मिसळू का?"

"मिसळलं की बायका ताडून बघत्यात," अक्का म्हणाली.

साठ बायका, साठ साड्या, त्यातली एक तिची स्वतःची. जास्तीची एकही नाही. उरलेली साडी घरात भांडण लावते हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

विधानसभेची निवडणूक लागलेली तिला ठाऊक होती. तिच्या भावाचा लेक गोमटेशच उभा होता, आणि तिचा धाकटा लेक अभिनंदन गळ्यात पक्षाचा पंचा टाकून त्याच्या जीपमधनं गावोगाव फिरत होता. पण निवडणूक पुरुषांची आणि आहेर बायकांचा. ही दोन्ही एका गाडीत बसतील असं तिला वाटलं नव्हतं.

परत येताना कोगनोळीच्या सीमानाक्यावर निवडणुकीच्या भरारी पथकानं गाडी अडवली. अधिकारी नागेंद्र म्हणून होता, दावणगेरीकडचा, इस्त्रीच्या घडीसारखा सरळ. त्यानं मागचं दार उघडलं, गठ्ठे बघितले आणि विचारलं, "यारवरी इवु?" कुणाच्या ह्या?

"नम्मवरी," अक्का म्हणाली. आमच्या. तंबाखूच्या वखारीत आयुष्य काढलेल्या बाईला तेवढं कन्नड येतंच. मग तो मोडक्या मराठीत आला, ती मोडक्या कन्नडात गेली, आणि दोघं मधे कुठंतरी भेटले.

"सगळ्या एकसारख्या का, अम्मा?"

"नणंद हाय म्हणून."

"एवढ्या एकसारख्या साड्या उमेदवार वाटतो."

"उमेदवाराला नणंद न्हाय वाटतं?"

गाडी चालवणाऱ्या अभिनंदननं घाईघाईनं बिल दाखवलं. नागेंद्रनं वाचलं. "बिल आहे. पण कुणाला द्यायच्या, ते बिलावर नाही." अभिनंदननं लग्नपत्रिका काढली. नागेंद्रनं तीही वाचली. "मागच्या आठवड्यात एका गाडीत अशीच पत्रिका होती. नवरी नव्हती."

साड्या उतरवून टेबलावर रचल्या गेल्या. लग्न दुसऱ्या दिवशी. चिकोडीकडनं व्याह्यांकडच्या बायका येणार, त्यांच्या ओटीत साडी पडली नाही तर श्रद्धाला जन्मभर ऐकावं लागणार, आणि ऐकवायला मालुबाई चिकोडीपर्यंत एसटीनं जाणार.  अक्कानं तोंडावर काही दिसू दिलं नाही.

एवढ्यात अभिनंदननं फोन पुढं केला. पलीकडनं गोमटेश.

"आत्ती, काळजी करू नको. मी वरनं सांगतो, आत्ता सोडतील."

"गप बस. तू फोन केलास की ह्या साड्या तुझ्या झाल्या."

"अगं, सुटल्याशी कारण."

"व्हय. आणि उद्या बायका म्हणतील, गोमटेशअण्णानं साडी नेसवली. मी काय नुसती हमाली केली? ठेव फोन."

फोन तिनंच ठेवला. मग नागेंद्रकडं वळली. "साहेब, तुमाला वाटतंय लग्न खोटं हाय. तर उद्या या. घरच्यांना घेऊन या. कुणाला काय देतो ते डोळ्यांनी बघा."

नागेंद्रनं विचार केला. वरिष्ठांना फोन लावला, पुन्हा विचार केला. "साड्या न्या. उद्या येतो," तो म्हणाला. "कॅमेरा घेऊन. प्रत्येक साडी देताना चित्रण होणार. पण अम्मा, एका जरी साडीला उमेदवाराचा हात लागला, तर सगळ्या जप्त. आणि गुन्हा तुमच्या मुलावर."

अभिनंदनचा पंचा तिथंच खिशात गेला.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात अक्षता पडल्या आणि आहेराला सुरुवात झाली. लग्नाचा कॅमेरावाला एका बाजूला, सरकारचा एका बाजूला. बायकांना फरक कळेना. त्या दोन्हीकडं बघून पदर सारखा करायच्या. नागेंद्र खुर्ची टाकून बसला होता आणि आलेल्या प्रत्येकीला तेच ते प्रश्न विचारत होता.

मालुबाईची पाळी आली. तिनं साडी घेतली, उलटी केली, काठ बोटांनी मापला आणि तोंड उघडलं.

"नाव?" नागेंद्रनं विचारलं.

मालुबाईनं तोंड मिटलं. कॅमेऱ्याचा लाल दिवा बघितला. "मालुबाई."

"नातं?"

"नणंद."

"काय मिळालं?"

"साडी."

"बाकीच्यांसारखीच?"

मालुबाईनं इकडं तिकडं बघितलं. सगळीकडं मोरपंखी. "तशीच," ती म्हणाली.

"कुणी दिली?"

"वैनीनं."

"मोठ्यानं बोला. रेकॉर्ड होत नाही."

"वैनीनं दिली!" मालुबाई ओरडली, आणि अर्धं कार्यालय वळून बघायला लागलं. अक्कानं खाली बघून पुढच्या साडीवर हळदीकुंकू वाहिलं. कर्नाटक सरकारनं आजवर तिच्यासाठी काही केलं असेल तर ते एवढंच.

तबकात शेवटच्या दोन साड्या उरल्या. एक विहीणबाईंची, एक अक्काची. विहीणबाई पाटावर बसल्या, आणि दारात घोषणा झाली. गोमटेश आला होता. मागं दहा-बारा जण, सगळ्यांच्या गळ्यात पट्टे. निवडणुकीच्या दिवसांत उमेदवाराला बोलवावं लागत नाही, जेवणाचा वास त्याला पत्रिकेसारखाच पोचतो. त्यानं आल्या आल्या सगळ्यांना हात जोडले, दोन कॅमेरे बघितले, त्याला दुप्पट आनंद झाला, आणि कुणी काही म्हणायच्या आत तबकातली साडी उचलून तो विहीणबाईंकडं वाकला.

नागेंद्र खुर्चीवरनं उठला. 

अक्कानं साडीचं दुसरं टोक धरलं.

"सोड."

"आत्ती, फोटू काढू दे की."

"सोड म्हणते."

"माझ्या हातनं दिली तर काय बिघडलं?"

साडी दोघांच्या मधे ताणली. कॅमेऱ्याचा लाल दिवा जवळ आला. साठ बायका बघत होत्या, त्यातल्या अठ्ठावन्न जणींच्या मांडीवर तीच साडी होती, आणि आता ती मांडीवर राहणार का परत नाक्याच्या टेबलावर जाणार ते ह्या टोकावर होतं.

अक्कानं ओढायचं थांबवलं. उलट साडी पुढं लोटली, गोमटेशच्या दोन्ही हातांत नीट बसवली, वर नारळ ठेवला आणि त्याच्या कपाळाला कुंकू लावलं.

"साहेब, ह्याला विचारा," ती नागेंद्रला म्हणाली. "हा माझा भाचा. द्यायला न्हाय, घ्यायला आलाय. बायकोचा आहेर न्यायला."

 नागेंद्र पुन्हा खुर्चीवर बसला.

"नाव?"

"साहेब, मी उमेदवार..."

"नातं?"

गोमटेशनं आत्तीकडं बघितलं. आत्तीनं डोळे वटारले, तो लहानपणी आंब्याच्या अढीत सापडल्यावर वटारायची तसेच. "भाचा," तो म्हणाला.

"काय मिळालं?"

"साडी. नारळ."

"कुणी दिलं?"

"आत्तीनं." आणि सवयीनं तो तिच्या पाया पडला. तेही चित्रणात आलं.

नागेंद्रनं बरोबर आणलेली नियमांची चोपडी चाळली. उमेदवारानं मतदाराला काही देऊ नये, असं पानापानावर होतं. मतदारानं उमेदवाराला साडी द्यावी की नाही, ह्यावर कुठं काही नव्हतं. त्यानं चोपडी मिटली.

शेवटची साडी अक्कानं विहीणबाईंच्या ओटीत घातली. तबक रिकामं झालं. स्वतःला काही उरलं नाही.

जेवणं झाली. नागेंद्र मात्र कोपऱ्यात स्वतःचा डबा उघडून बसला होता. अक्का समोर जाऊन उभी राहिली. "लग्नात येऊन घरचा डबा? माझ्या दारातनं आजवर कुणी उपाशी गेलं न्हाय."

"आचारसंहिता, अम्मा."

"तिला घेऊन आलात, तर तिला तरी वाढू द्या."

हसू दिसू नये म्हणून नागेंद्रनं डब्यातला भात भराभर संपवला.

मतदानाच्या दिवशी शाळेपुढच्या रांगेत मोरपंखी साड्याच साड्या होत्या. मालुबाई सगळ्यात पुढं, काठ पुढं करून. गोमटेशची बायकोही त्यातच होती. विरोधी पक्षाच्या माणसानं तक्रार केली, तेव्हा त्याला सांगण्यात आलं की ह्या साड्यांचं पूर्ण चित्रण सरकारकडं आहे. अक्का एकटी जुन्या सुती लुगड्यात आली, आत गेली, बोटाला शाई लावून बाहेर आली.

फाटकाबाहेर, शंभर मीटरच्या रेघेच्या पलीकडं, गोमटेश हात जोडून उभा होता.

"आत्ती, मला दिलंस न्हवं?"

"मी कुणाला काय दिलं ते सगळं व्हिडिओत हाय बाबा," अक्का म्हणाली. "तेवढं एक सोडून."

आणि पदर डोक्यावर घेऊन ती घराकडं चालायला लागली.