मनातला नातेवाईक

चष्मेवाल्याने प्रोग्रॅमिंगचं जाडजूड पुस्तक आणलं तेव्हा बायको म्हणाली होती, "उशाला बरं आहे." तिचं खरं झालं. दुसऱ्याच धड्यात त्याला डुलक्या यायला लागल्या. हौशी माणूस धडे गिरवत शिकतच नाही. त्याला आधी खेळणं हवं, शास्त्र मागाहून. मग चष्म्यांच्या दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी त्याने घरच्या कॉम्प्युटरवर एक खेळच लिहायला घेतला. ओळ घालायची, चालवून बघायची, मोडली की मशीनचा उद्धार करायचा आणि पुन्हा घालायची. ही रीत त्याला मानवली.

खेळ सोपा होता. आपण मनात एखादा नातेवाईक धरायचा आणि कॉम्प्युटरने हो-नाहीचे प्रश्न विचारून तो ओळखायचा. चुकला तर तो विचारायचा, "मग कोण होतं? त्याला कसं ओळखू?" आपण प्रश्न सांगायचा, तो लक्षात ठेवायचा. बायकोने त्याला "भूक नाही म्हणत चारदा वाढून घेते का?" हा प्रश्न शिकवला. तेव्हापासून आत्याबाई चुकून सुटायच्या नाहीत. डावखुरा मामेभाऊही तिनेच शिकवला. नवरा-बायको दुकानात गेली की आईसुद्धा एका बोटाने अक्षरं शोधत खेळत बसायची. म्हातारीला बरा नाद लागला, म्हणून चष्मेवाला खूश होता.

धाकट्याला मात्र नवरा-बायकोने खेळात घेतलं नव्हतं. चष्मेवाल्याचा हा भाऊ भांडून घराबाहेर पडला होता, त्याला वर्षं लोटली. आई अजून त्याचं अंथरूण रोज झटकून ठेवायची. घर बदलायची गोष्ट काढली की म्हणायची, "तो आला तर कुठे शोधेल?" चष्मेवाल्यानेही दुकानाच्या पाटीवरचं 'आणि बंधू' पुसलं नव्हतं.

एका सुट्टीच्या सकाळी त्याने मनात धाकट्याला धरलं. मशीन हरेल, मग आपणच त्याला खेळात घेऊ, असं त्याने ठरवलं होतं.

"पुरुष आहे का?" हो.

"लग्न झालंय का?" नाही.

"डावखुरा आहे का?" हो. धाकटाही डावखुराच. आता मशीन मामेभाऊ म्हणणार आणि फसणार.

पडद्यावर आलं, "कालव्याच्या तळाशी आहे का?"

त्याला काही कळायच्या आत बोटाने कळ दाबली होती.

"धाकटा. बरोबर ना?"

आपलंच काहीतरी चुकलं असेल म्हणून त्याने प्रोग्रॅम उघडून ओळ न् ओळ तपासली. कालवा कुठेच नव्हता. तो होता खेळणाऱ्यांनी शिकवलेल्या प्रश्नांत. मशीनला स्वतःचं असं काहीच माहीत नव्हतं. भूत असतं तर परवडलं असतं. हे घरातल्याच कुणीतरी, भर दुपारी, एकेक अक्षर शोधून लिहिलं होतं.

बायकोने पडदा वाचला आणि ती मागे सरकली. "मी नाही हो. शप्पथ."

आई स्वयंपाकघरात खाली बसून भाजी निवडत होती.

"आई, कालव्याचं तू लिहिलंस?"

"मी धाकट्याला धरायचे आणि ते आपलं मामेभाऊ, मामेभाऊ," ती मान वर न करता म्हणाली. "मग विचारायचं, कोण होतं, कसं ओळखू. रोज विचारायचं रे. किती दिवस गप्प बसू?"

"पण तुला कसं माहीत?"

"त्याच्या चपला काठावर होत्या. मी उचलून आणल्या."

"आणि आम्हाला बोलली नाहीस?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर खरं झालं असतं."

 आईने निवडलेली भाजी बाजूला सारली आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट बघितलं.

"तुलाही विचारलं ना त्याने? कालव्याचं?"

"हो."

"मग तू काय दाबलंस?"

चष्मेवाल्याने आपल्या बोटाकडे पाहिलं. त्याने 'हो' दाबलं होतं. चपलांचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं, तरी एका क्षणाचाही विचार न करता त्याने 'हो'च दाबलं होतं.

"मग तुलाही माहीत होतं की," आई म्हणाली.

तो तिच्याशेजारी फरशीवर बसला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा भावासाठी रडला.