डॉक्टरांच्या गाडीची झूल

मी एक जुनी झूल आहे. बैलाची नव्हे, मोटारसायकलची. मित्रांनो, शहरातले लोक मला फेअरिंग म्हणतात. गाडीच्या पुढच्या दिव्याभोवती आणि इंजिनाच्या दोन्ही अंगांना जे फायबरचं आवरण असतं, ते म्हणजे मी. सध्या माझा मुक्काम गंगाखेडात, दत्तोपंत डॉक्टरांच्या घराच्या माळ्यावर आहे. माझी गोष्ट सांगते, पण आधीच कबूल करते की मी मनानं फारशी चांगली नाही. आयुष्यभर मी एकच काम मन लावून केलं, आणि ते म्हणजे दुसरीवर जळणं.

विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला, त्याच्या पुढच्या वर्षी माझा जन्म झाला. दत्तोपंत तेव्हा जिंतूरला जनावरांचे डॉक्टर होते. त्यांच्याकडे एक विलायती मोटारसायकल होती. शर्यतीच्या घडणीची, खाली वाकलेल्या हँडलची, लांब टाकीची. निजामाच्या अमलात परभणीच्या एका वकिलानं ती हैदराबादहून आणली होती आणि म्हातारपणी दत्तोपंतांच्या हवाली केली होती. डॉक्टर सकाळी उठले की आधी तिला पुसायचे, मग चहा घ्यायचे. तोवर कावेरीबाईंच्या हातातला चहा निवून जायचा. कावेरीबाई म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी. त्या कप जरा जोरात ठेवायच्या.

एका हिवाळ्यात पहाटेच्या वाऱ्यानं डॉक्टरांना खोकला धरला. कावेरीबाईंना निमित्तच हवं होतं. येलदरीच्या धरणावर तात्याराव नावाचे कारागीर फायबरच्या बोटी दुरुस्त करायचे. त्यांच्याकडे त्या स्वतः डॉक्टरांना घेऊन गेल्या.

"वारा लागतो हो यांना. पुढून काहीतरी आडोसा करून द्या," त्या म्हणाल्या. मग डॉक्टर धरणाचं पाणी बघायला गेले, तेव्हा हळूच म्हणाल्या, "आणि जरा खालपर्यंत घ्या. इंजिन दिसलं नाही तरी चालेल."

तात्याराव हसले. "वैनी, इंजनाला हवा लागती. दोनी बाजूनं चार-चार फटी ठिवतो. बाकी सगळं झाकून टाकतो, मग तर झालं?"

चिकणमातीच्या साच्यावर काचेचं कापड आणि रेझिन यांचे थर देऊन त्यांनी मला घडवलं. बोटीचा उरलेला निळा रंग दिला. म्हणजे बघा, मत्सर मी काही बाहेरून शिकले नाही. माझ्या जन्माचं कारणच तो होता.

डॉक्टर पहिल्यांदा मला घेऊन एका खेड्यात गेले, तेव्हा पारावरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी चष्मा वर करून विचारलं, "डॉक्टरसाब, पोळा तर लय लांब हाय. गाडीवर झूल आत्ताच घातली का?" सगळा पार हसला. त्या दिवसापासून मी झूल झाले. मला नाव आवडलं नाही, पण निदान लोकांनी माझ्याकडे बघितलं तरी होतं.

नाहीतर कौतुक सगळं तिचंच. अडलेली गाय मोकळी करून डॉक्टर निघाले की लोक म्हणायचे, काय गाडी आहे! आवाज ऐका! चिखल अंगावर मी घ्यायची, खडे मी झेलायची, डॉक्टरांच्या छातीवरचा वारा मी अडवायची आणि शाबासकी मात्र तिला. हैदराबादहून एकदा जुन्या गाड्यांचे एक शौकीन आले होते. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं जेवणाच्या ताटात केस निघाला आहे. "ये निकाल दीजिए डॉक्टरसाहब, असली चीज तो अंदर है," असं म्हणाले. माझ्या अंगाची आग झाली.

चौऱ्याऐंशी साली डॉक्टरांची बदली गंगाखेडला झाली आणि माझ्या नशिबी मुंजाजी मिस्त्री आला. हात सोन्याचा, तोंड मिरचीचं. गाडीचे सुटे भाग मिळत नसत, ते तो लेथवर घडवून द्यायचा. दर उन्हाळ्यात तो पाना हातात घेऊन माझ्याकडे बघत म्हणायचा, "साब, ही झूल काढून टाका. ह्या फटींनी काय हुतंय? आतमधी भट्टी व्हायली. इंजन गुदमरायलंय."

कावेरीबाई माझ्या बाजूनं उभ्या राहायच्या. "यांचा खोकला परत आला तर? काही काढायची नाही."

"वैनी, गाडी गेली तर डॉक्टरसाब पायी हिंडतील का?"

डॉक्टर दोघांचं ऐकायचे आणि कुणाचंच करायचे नाहीत. झूल ठेवावी की काढावी, या एका प्रश्नावर आमच्या घरात चार उन्हाळे गेले. पाना दिसला की माझे आठही बोल्ट थरथरायचे. आणि खरं सांगू? इंजिन गुदमरतंय हे ऐकून मला आतून बरं वाटायचं.

आता कडूबाईंबद्दल सांगते. राणीसावरगावच्या कडूबाई एकट्याच शेती करायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांच्या दावणीला ढवळ्या आणि पवळ्या अशी जोडी होती. एकदा ढवळ्या ज्वरानं मरायला टेकला होता. डॉक्टर सलग पाच दिवस गेले आणि तो उठून उभा राहिला. कडूबाईंना हे ऋण कसं फेडावं कळेना. अठ्ठ्याऐंशीच्या पोळ्याला त्यांनी डॉक्टरांना हट्टानं गावी बोलावलं.

मित्रांनो, तो दिवस मी विसरणार नाही. वेशीत सगळे बैल उभे होते. शिंगांना रंग, कपाळाला बाशिंगं, पाठीवर आरसे लावलेल्या झुली. कडूबाई हातात बेगडाचे चकचकीत कागद आणि खळीची वाटी घेऊन आमच्याकडे आल्या.

"डॉक्टरसाब, तुमच्या गाडीपायी माझा ढवळ्या जगला. आज हिचा बी मान करायचा."

त्यांनी माझ्या अंगभर बेगड चिकटवला. लाल, सोनेरी, हिरवा. माझ्या दोन्ही बाजूंच्या फटी त्यांना ओक्याबोक्या दिसल्या असाव्यात, म्हणून तिथं सोनेरी बेगडाची सूर्यफुलं चिकटवली. खळ बोटानं दाबून दाबून. मग मला हळदकुंकू वाहिलं. मला! टाकीला नाही, इंजिनाला नाही. माझ्या जन्मात हे पहिल्यांदा घडत होतं. तुतारी वाजली आणि आम्ही ढवळ्याच्या मागून मारुतीपर्यंत मिरवत गेलो. मी मनात तिला म्हटलं, बस आता अंधारात.

फटी बुजल्या होत्या, तरी संध्याकाळी गारव्यात, रमतगमत घरी आलो, म्हणून निभावलं. अंगणात डॉक्टरांची बोटं माझ्या फटींवर आली. ते बेगड काढणार तेवढ्यात थांबले. "दोन दिवस राहू दे," ते स्वतःशीच म्हणाले. "बाईनं हौसेनं लावलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एस.टी.च्या कंडक्टरनं चिठ्ठी आणून दिली. ढवळ्याचं पोट फुगलं होतं. पोळ्याला बैलाला पुरणपोळी चारतात, आणि लाडक्या बैलाला जास्तच चारली जाते. अशा वेळी फुगलेल्या पोटातली हवा वेळेत बाहेर काढली तर बैल वाचतो, नाहीतर त्याचा श्वास कोंडतो. डॉक्टरांनी पोकळ सुईची पेटी घेतली आणि गाडी जी सुसाट सोडली ती सोडली.

ऊन चढलं होतं. सात-आठ मैलांवर मला कळलं की ती आत तापली आहे. माझ्या आतल्या अंगाला चटके बसू लागले. तिचा आवाज बदलला, जड झाला. मला हे डॉक्टरांच्या आधी कळलं होतं. मला तोंड नाही, मी काही सांगू शकले नसते, हे खरं. पण माझ्या मनात काय आलं ते लपवणार नाही. मी म्हटलं, तापू दे. होऊ दे तिची फजिती. मी बेगड मिरवत उन्हात चमकत राहिले.

चढावर इंजिन धरलं, म्हणजे तापून आतल्या आत जाम झालं. चाक जागीच अडकलं आणि गाडी घसरत थांबली. डॉक्टरांनी किक मारून पाहिली, ती हलेना. ते खाली बसले, माझ्या फटींकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला. मग गाडीच्या हत्यारांच्या पिशवीतून पाना काढला. ज्या पान्याला मी चार वर्षं भीत होते, तो मुंजाजीच्या नव्हे, डॉक्टरांच्याच हातून माझ्यावर चालला. आठ बोल्ट. त्यांचे हात भाजत होते. मला त्यांनी बांधावर ठेवलं आणि इंजिन निवायची वाट बघत उभे राहिले. रस्त्यावर ना बैलगाडी, ना ट्रक. एकदा ते पायी चालू लागले, आणि अजून किती लांब जायचंय हे आठवून परत आले. शेवटी इंजिन सुटलं, किक लागली. ते निघून गेले आणि मी बांधावर एकटी पडले. अशा वेळीही मला वाटत होतं ते एवढंच, की तिला नेलं, मला टाकलं.

दुपारी ते परत आले. चेहरा उतरलेला. बांधावर बसून त्यांनी माझ्या अंगावरचा बेगड नखांनी खरवडून काढला, एक कपटा राहू दिला नाही, आणि सगळा चुरगळून खिशात घातला. मग मला मागच्या सीटवर दोरीनं बांधून घरी आणलं.

"हे काय? काढलीत?" कावेरीबाई दारातच म्हणाल्या. "म्हणजे मुंजाजीचंच खरं झालं."

"ढवळ्या गेला, कावेरी. मी पोचायच्या अर्धा तास आधी."

डॉक्टरांनी सगळं सांगितलं. "कडूबाईनं मला आधी पाणी दिलं. म्हणाली, तुमी धावत आलात, तेच लय झालं. गाडी बंद पडली एवढंच सांगितलं मी तिला. का, ते नाही सांगितलं. बेगड मला दिसत होता. काढायचं काम माझं होतं. चूक माझी आहे."

"पण मग झूल कशाला काढायची? फटी मोकळ्या ठेवल्या की झालं."

"ती दर पोळ्याला बेगड घेऊन येणार. मी नको म्हणालो तर का म्हणून विचारणार. एक ना एक दिवस तिला उमगेल, की आपल्याच हातानं..."

कावेरीबाईंनी मला स्वतः धुतलं, जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि माळ्यावर चढवलं. ज्यांनी मला गाडीवर घालायला लावलं, त्यांनीच मला उतरवून ठेवलं. त्या थंडीत त्यांनी डॉक्टरांसाठी लोकरीची जाड बंडी विणली. खोकला काही परत आला नाही.

हे सगळं मी ऐकलं होतं. तरी कळतं पण वळत नाही म्हणतात, तशी माझी गत. सकाळी अंगणात तिचा आवाज झाला की माळ्यावर माझा जळफळाट व्हायचा. ती उघड्या अंगानं गावोगाव फिरते, लोक तिचं इंजिन बघतात, मुंजाजी तिच्यावर हात फिरवतो. मी मात्र लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांच्या सोबतीला. सहा वर्षं मी अशी कुढत काढली.

मग चौऱ्याण्णव साल आलं. विद्यापीठाचा नामविस्तार झाला, त्याच वर्षी डॉक्टर निवृत्त झाले. गावोगावचे लोक भेटायला आले. एके दिवशी कडूबाई आल्या. पाठीत वाकल्या होत्या. पदरात भुईमुगाच्या शेंगा होत्या. अंगणातली गाडी बघून त्या थबकल्या.

"डॉक्टरसाब, गाडी कशी उघडीउघडी दिसायली. ती निळी झूल कुठं हाय? दर साली इचारीन म्हणते आन् इसरते. तिच्यावर माझा बेगड लय खुलला हुता."

मी श्वास रोखला. माळ्यापासून अंगण दहा पावलांवर. कुणी नुसतं बोट दाखवलं असतं, तर मी खाली उतरले असते, पुन्हा गाडीवर चढले असते, पुन्हा सोनेरी झाले असते.

"मोडली, कडूबाई," डॉक्टर म्हणाले. "कधीच मोडली. गाडी वाळूवर घसरली होती."

"आगं बाई! तुमाला लागलं न्हाई ना?"

"नाही नाही," कावेरीबाई आतून पटकन बाहेर येत म्हणाल्या. "झुलीचा मात्र पार चुराडा झाला. तिनंच मार खाल्ला म्हणून हे वाचले."

कडूबाईंनी हात जोडले. "मग माझा मान कामाला आला म्हणायचा," त्या म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की डॉक्टर तोंड फिरवून शेंगा सोलत बसले.

मित्रांनो, त्या दिवशी मला पहिल्यांदा लाज वाटली. मला वाटत होतं, मला काढलं ते इंजिनाच्या प्रेमापोटी. पण इंजिनाचा तिथं संबंधच नव्हता. आणि मी ज्या मानासाठी तडफडत होते, तो एका बाईनं भोळ्या मायेनं मला दिला होता, आणि मी तो मिरवत तिच्याच बैलाच्या वाटेत उभी राहिले होते. हेवा अजूनही वाटतो, खोटं कशाला बोलू? सकाळी आवाज आला की थोडं टोचतंच. पण आता मी कुढत नाही.

तुम्हीही तुमच्या आवडत्या वस्तूला, जनावराला, माणसाला सजवाल. जरूर सजवा. फक्त ते श्वास कुठून घेतं, एवढं आधी बघा, आणि ती जागा मोकळी सोडा.

आणखी एक विनंती आहे. मी धडधाकट आहे, मला साधा तडाही गेलेला नाही. पण कधी राणीसावरगावला गेलात आणि कडूबाईंनी माझी चौकशी केली, तर झूल मोडली, असंच सांगा.