रादिसावचं थांबणं

कॉफीच्या बशीतली गुलाबी वडी अजून तशीच होती, आणि तिच्यावरची पिठीसाखर बोटानं चाखावी की नको एवढाच विचार रादिसाव करत होता—खरं तर तेवढाच करायचा, असं त्यानं ठरवलं होतं. तालीम नुकतीच संपलेली. थिएटरच्या उपाहारगृहात समोर बोसिल्का. रंगमंचाच्या तोंडाशी असलेल्या पेटीत बसून एकतीस वर्षं नटांना वाक्यं पुरवणारी. वर दिग्दर्शक वाट पाहत होता. आज पोस्टर छापायला जायचं होतं, रादिसावचं नाव सर्वांत वर.

चाळीस वर्षं पोस्टमन, पाद्री, हवालदार... युद्धपटांत जर्मन शिपाई होऊन तो इतक्यांदा मेला, की निश शहरातल्या बाजारातली मिरचीवाली अजून म्हणते, काल टीव्हीवर परत मेलात, या दोन मिरच्या वर घ्या. घेतल्या, आनंदानं घेतल्या. नाव कुणाला आठवत नाही, चेहरा मात्र सगळ्यांना घरचा वाटतो—आणखी काय हवं? तरी सदुसष्टाव्या वर्षी मुख्य भूमिका आली तेव्हा तो स्वयंपाकघरात एकटाच रडला होता.

वाक्याआधी थांबावं तर रादिसावनं, असं सगळे म्हणतात. नवखी प्रॉम्प्टर तिथे हमखास फसते, विसरला समजून शब्द पुरवते आणि सगळा विचका करते. बोसिल्का कधीच नाही. आज तो नाटकातल्या लेकीला निरोप देताना थांबला, दिग्दर्शकाचे डोळे भरून आले—आणि आत काहीच नव्हतं. एक शब्द नव्हता. मी इथे कशाला उभा आहे, ही बाई कोण... मग पेटीतून अगदी हळू पहिला शब्द आला. बाकी कुणालाच कळलं नाही.

"बोसा, आज तुला कळलं."

"तू थांबतोस तेव्हा डावा अंगठा चोळतोस," ती चष्मा पुसत म्हणाली. "आज हात नुसते लोंबत होते."

अंगठा? त्याला स्वतःलाच हे ठाऊक नव्हतं.

"दिग्दर्शकाला सांगशील?"

"पेटीतलं मी बाहेर बोलत नाही. पण नव्या वर्षाला मी निवृत्त होतेय, रादिसाव. पुढे खाली दुसरी कुणी असेल. तुझं तू ठरव."

एवढं बोलून तिनं त्याची थंड कॉफी बाजूला सारली आणि दुसरी मागवली. ती त्यानं सावकाश संपवली.

जिना चढताना त्याला भीती वाटतच होती. पण तिच्या जोडीला दुसरंच काही दाटून येत होतं... आयुष्यभर वाटायचं, आपण रंगमंचावर दोन मिनिटांचे, आपल्याला पुरतं कोण बघणार—म्हणून तर ही भूमिका हवी होती ना? आणि इथे पेटीतून एक जण इतकी वर्षं त्याचा अंगठासुद्धा बघत आली होती. दिग्दर्शकाच्या दाराशी पोचेपर्यंत भूमिकेला हो म्हणायचं की नाही, ते ठरलं नव्हतं. दार वाजवायला हात उचलला तेव्हा मात्र नाव वरती असो नसो, त्याला फार फार भरून पावल्यासारखं वाटत होतं.