अकराव्या प्रश्नाचं उत्तर

कॉपी पकडावी ती धनंजय सरांनीच, असं तुमसर तालुक्यातले मास्तर लोक म्हणायचे, आणि सरांनाही ते ऐकायला बरं वाटायचं. वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी बाहीतून, मोज्यातून, एकदा तर डब्यातल्या पोळीच्या घडीतून चिठ्ठ्या काढल्या होत्या. सिहोऱ्याजवळच्या त्या जिल्हा परिषद शाळेत ते आठवीच्या वर्गावर उभे राहिले, की पोरं आपोआप माना सरळ ठेवायची.

अशा माणसाच्या नाकाखाली अख्ख्या वर्गानं कॉपी केली, आणि तीही मनाच्या पेपरात.

झालं असं, की मुलांच्या मानसिक आरोग्याचं एक दिवसाचं प्रशिक्षण भंडाऱ्याला होतं. बाकीच्या शिक्षकांना नेमकी त्याच दिवशी कामं निघाली, म्हणून सर गेले. येताना प्रश्नावलीचा गठ्ठा मिळाला. पंधरा प्रश्न, पुढे 'होय' किंवा 'नाही' लिहायचं, आणि शुक्रवारी पाचच्या आत सह्या करून सगळं ऑनलाइन पाठवायचं. ही परीक्षा नाही हे मुलांना आधी सांगा, असं तिथल्या बाईंनी तीनदा बजावलं होतं. सरांनी सांगितलंही. पण सांगितलं ते परीक्षेच्याच आवाजात, कागद वाटले ते ओळीनं, आणि घड्याळ बघून म्हणाले, वीस मिनिटं. तेवढ्यात ऑफिसातून बोलावणं आलं आणि ते गेले. आता पोरांनी काय समजायचं? सर नसले की ती नेहमी करायची तेच त्यांनी केलं. प्रतिक्षाच्या कागदाकडे बघितलं. तो एरवी तिच्या हाताखाली झाकलेला असायचा, आज उघडा होता.

प्रतिक्षा रामटेके ही वर्गातली पहिली. तिचं उत्तर ते बरोबर उत्तर, यात कोणाला शंका नव्हती. सरांना तर नव्हतीच.

त्याच शुक्रवारी दुपारी खिचडीनंतर मुख्याध्यापक पुंडलिकराव गठ्ठा चाळायला बसले आणि चाट पडले. अठ्ठावीस कागद, अठ्ठावीसही सारखे. चौथ्या प्रश्नाला होय, सातव्याला होय, अकराव्याला होय, बाकी सगळं नाही. चौथा प्रश्न, झोप लागत नाही का? सातवा, जेवण जात नाही का? अंकुशनंही होय लिहिलं होतं. हा अंकुश तीनदा खिचडी घ्यायचा आणि नंतर बाकावर डोकं टेकून घोरायचा. त्याच्यावर हसता आलं असतं, पण अकरावा प्रश्न हसण्यासारखा नव्हता. 'आपण नसतो तर बरं झालं असतं, असं मनात येतं का?'

अठ्ठावीस पोरांना असं वाटते म्हणून वर गेलं तर सोमवारी सकाळी फाटकात अधिकाऱ्यांची जीप उभी राहील, असं पुंडलिकराव म्हणाले. माणूस वाईट नव्हता, निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. कॉपीच आहे ही, तुम्हालाही दिसते, तर कोरे कागद पुन्हा वाटा आणि फळ्यावर पंधराही 'नाही' लिहून द्या, असं त्यांनी सुचवलं. सरांनाही ते पटलं. कोरे कागद उचलून ते दारापर्यंत गेलेसुद्धा.

पण वीस वर्षांची सवय काही सुटत नाही. कॉपी दिसली, की ती कुठून निघाली हे शोधल्याशिवाय सरांना चैन पडत नसे. ते परत फिरले आणि भरलेले कागद त्यांनी टेबलावर ओळीनं मांडले. कॉपी करणारा कधी अडखळत नाही, हा त्यांचा अनुभव होता. दुसऱ्याचं उतरवताना विचार करावा लागत नाही, खोडरबर लागत नाही. सत्तावीस कागद स्वच्छ होते. एका कागदावर मात्र अकराव्या प्रश्नापुढे आधी 'नाही' होतं, ते खोडलेलं, मग 'होय', तेही खोडलेलं, मग पुन्हा 'होय'. खोडून खोडून कागद तिथे इतका झिजला होता, की खालचं टेबल दिसत होतं.

वर नाव होतं प्रतिक्षाचं.

सरांनी कोरे कागद बाजूला ठेवले. फळ्यावर पंधरा वेळा 'नाही' लिहायला ते निघाले होते, आणि त्यात ही पोर कायमची पुसली गेली असती.

त्यांनी तिला व्हरांड्यात बोलावलं. खुर्ची आणली नाही, पायरीवर बसले आणि तिलाही बसवलं. ती भिंतीकडे पाठ करून बसली. भिंतीवर 'शाळेची शान' लिहिलेला बोर्ड होता, शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलांच्या नावांचा. शेवटची ओळ नवीन होती. दिवाळीआधी भिंतीवर सुविचार लिहायला पेंटर आला होता, तेव्हा पुन्हा कोण त्याला बोलावणार म्हणून सरांनी आधीच लिहून घेतली होती: प्रतिक्षा धनीराम रामटेके, आणि पुढे साल. परीक्षा डिसेंबरात होती. त्या दिवशी सर पेंटरला मोठ्या तोऱ्यात म्हणाले होते, ही लागलीच समजा.

त्यांनी विचारलं, झोप केव्हापासून येत नाही?

"नाव लिवलं तवापासून," ती म्हणाली. "माहा नंबर नाही लागला त ते पुसा लागन न, सर. सप्पा, साराच गाव पाहीन. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याले आणून आणून दाखवते. त्याच्यापक्षा मीच नसती त बरं, असं वाटते."

सरांनी मान वळवून बोर्डवरची ती शेवटची ओळ वाचली. मग त्यांनी विचारलं, तू तर पेपर नेहमी हातानं झाकतेस, आज काहून नाही झाकला?

"सप्पाईनं तेच लिवलं त माह्यं दिसणार नाही, असं वाटलं," ती म्हणाली.

सरांना लाज वाटली, अगदी सरळ लाज. वर्गातल्या सगळ्यांच्या चुका त्यांनी आजवर लाल शाईनं दाखवल्या होत्या, आणि स्वतःची ऑइल पेंटनं भिंतीवर लिहून ठेवली होती.

तिची आई पंचफुला धानाच्या कापणीला गेली होती. निरोप मिळताच ती विळ्यासकट धावत आली. सरांनी तिच्यापासून काही लपवलं नाही, अकरावा प्रश्नही वाचून दाखवला. पंचफुलानं विळा खाली ठेवला. "रातभर आढ्याकडे पाहत रायते, सर," ती म्हणाली. "मले वाटलं, अभ्यास आठवून रायली." सरांनी तिला सांगितलं, की पोरीला रागवायचं नाही, एकटीला सोडायचं नाही, रात्री जवळ घेऊन निजायचं, आणि सोमवारी पहिल्या एसटीनं भंडाऱ्याच्या दवाखान्यात समुपदेशक बाईंकडे जायचं, मी सोबत येतो. प्रशिक्षणात मिळालेला हेल्पलाइनचा नंबर त्यांनी तिच्या फोनमध्ये भरून दिला.

मग ऑफिसात जाऊन त्यांनी सांगितलं, की सत्तावीस कागद रद्द करा, मुदत टळली तरी टळो, ती पोरं उद्यापासून एकेक करून माझ्यासमोर बसतील आणि आपलं आपलं लिहितील. अठ्ठाविसावा कागद खरा आहे, तो आजच जाईल, माझ्या सहीनं. पुंडलिकरावांनी तो झिजलेला कागद खिडकीच्या उजेडात धरून पाहिला. पाचला दहा मिनिटं होती.

"मुख्याध्यापकाची सही लागतेच न," ते म्हणाले. "द्या इकडे पेन."

शाळा सुटल्यावर सर थिनरची बाटली आणि फडकं घेऊन स्टुलावर चढले. चार पोरं बघायला थांबली. सरांनी त्यांना सांगून टाकलं, की माझीच चूक झाली, परीक्षेआधी नाव लिहायचं नसते, म्हणून मीच पुसतो. पेंट चिवट होता, सरांचं मनगट दुखून आलं. प्रतिक्षा आईजवळ फाटकापाशी उभी होती. मग ती चालत आली आणि स्टुलाशी थांबली.

"सर, साल राह्यलं."

सरांनी सालही पुसलं.

शनिवारी सकाळची शाळा. हजेरी झाली, प्रार्थना झाली, आणि प्रतिक्षाची जागा रिकामीच. सरांनी दोनदा दाराकडे बघितलं, तिसऱ्यांदा बघितलं, आणि गाडी काढून थेट तिच्या घरी जावं म्हणून खिशात चावी चाचपली. तेवढ्यात ती दारात आली. केस विंचरलेले नव्हते, गालावर उशीचा वळ होता. आठवीत तिला हा पहिल्यांदा उशीर झाला होता, आणि उशिरा येणाऱ्याला सर दहा मिनिटं बाहेर उभं करायचे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती बाहेरच उभी राहिली.

"झोप लागली होती, सर," ती म्हणाली.

सरांनी हजेरीपट उघडला. तिच्या नावापुढची गैरहजेरी खोडायला त्यांना बराच वेळ लागला. मग मान वर न करताच म्हणाले, "आत ये."